पडद्यापलीकडे नेमके कोण?

महोदय,

ऑनलाइन समुपदेशन म्हणजे दुय्यम उपचार, हा समज आता सोडायला हवा. अ‍ॅरन बेक या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९६०च्या दशकात नैराश्यासाठी विकसित केलेली बोधात्मक वर्तन उपचारपद्धती (त्रासदायक विचार आणि वागण्याच्या सवयी ओळखून बदलायला शिकवणारी) व्हिडिओ कॉलवरही प्रत्यक्ष भेटीच्या जवळपास तितकीच उपयोगी पडते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. घराबाहेर पडायचीच धास्ती असलेल्याला तर हाच मार्ग सोयीचा.

माझी हरकत वेगळी आहे. अ‍ॅप उघडले की हसरे चेहरे दिसतात. त्यांची पात्रता मात्र शोधत बसावी लागते. कोणी प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ, कोणी चार दिवसांचे शिबिर केलेला ‘लाइफ कोच’, तर कधी पलीकडे माणूसच नसतो! मानसिक आघातातून गेलेल्यांसाठी हे धोक्याचे. जुनी आठवण उकरली गेली आणि माणूस बंद खोलीत एकटाच भेदरून बसला, तर त्याला सावरणे हे शिकलेल्याचेच काम. म्हणूनच जाणकार समुपदेशक सुरुवातीलाच विचारून घेतो : तुम्ही आत्ता कुठे आहात, कॉल तुटला तर काय करायचे, अडचणीत जवळच्या कोणाला फोन करू? हे न विचारणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

गोपनीयतेचे तर विचारूच नका. ग्राहकांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याचा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने २०२३मध्ये ‘बेटरहेल्प’ या ऑनलाइन समुपदेशन कंपनीवर ठेवला, कंपनीला ७८ लाख डॉलर भरावे लागले. समुपदेशकाची पात्रता त्याच्या फोटोखालीच ठळक छापण्याची सक्ती तरी अशा अ‍ॅपवर व्हावी.

– एक वाचक