निगेटिव्हची खोकी भंगारात घालू नका

मा. संपादक साहेब, नमस्कार.
आमच्या भागातला जुना फोटो स्टुडिओ परवा बंद झाला आणि निगेटिव्हची खोकीच्या खोकी भंगारवाल्याच्या गाड्यावर गेली, कुणाला काही वाटलंसुद्धा नाही, म्हणून लिहितोय.

आता मोबाईलमध्ये फोटो ठेवायला जागा पुरत नाही, पण मोहोळ, माढा, अक्कलकोटकडच्या खेड्यात मजुरी करणाऱ्याच्या घरी फोटो निघायचा तो उभ्या जन्मात एक-दोनदा. शाळेचा ग्रुप फोटो असायचा, पण कॉपीचे पैसे भरले तरच हातात मिळणार. नाहीतर मग गड्डा, म्हणजे आपली सोलापूरची सिद्धेश्वराची यात्रा. संक्रांतीला तिथं आलं की होम मैदानावर पाळण्यांच्या शेजारी फोटोवाल्याचा मंडप, मागं रंगवलेला पडदा, पुढं प्लायवूडचं विमान नाहीतर मोटारसायकल, आणि खिळ्याला एकच कोट अडकवलेला, तोच बापाच्या अंगात तोच पोराच्या, पोराला ढगळ झाला की मागून पिना मारायच्या, पुढून साहेब! हसायचं मात्र कुणी नाही. 120 नंबरच्या फिल्मच्या रोलवर चौकोनी फोटो 12 च बसायचे, त्यामुळं कुणी डोळे मिटले तरी फोटोवाला दुसरा काढायला सहजी तयार व्हायचा नाही.

म्हाताऱ्या माणसांचं तर विचारूच नका. मुख्य निवडणूक आयुक्त शेषन साहेबांच्या काळात, 1993 ला, फोटोवालं मतदार ओळखपत्र सुरू झालं आणि कितीतरी आज्यांचा पहिला फोटो तोच, सरकारनं काढलेला. माणूस गेलं की ते कार्ड घेऊन स्टुडिओत पळायचं, तेवढ्याशा चेहऱ्यावरून मोठा फोटो करायचा, बाकीचं ब्रशनं भरायचं. आमच्या आजीच्या कानात आर्टिस्टनं मोत्याच्या कुड्या काढल्या. बिचारीनं जन्मात घातल्या नव्हत्या, पण घरात कुणी हरकत घेतली नाही, उलट आत्या म्हणाली बरं झालं.

आता असल्या घरांचा दुसरा कागद कुठंय? सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणजे कुठंच नाही. म्हणून आपल्या अहिल्यादेवी होळकर विद्यापीठानं आणि महापालिकेनं मिळून जुन्या फोटोग्राफरांकडच्या निगेटिव्ह गोळा कराव्यात, स्कॅन कराव्यात, नावं नाही कळली तर निदान गाव आणि साल लिहून ठेवावं. गड्ड्याच्या दिवसात तिथंच एक स्टॉल टाकला तर लोक घरातले फोटो आपणहून घेऊन येतील. स्टुडिओवाल्यांनाही विनंती आहे, भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी एकदा विद्यापीठात फोन करून बघा.

आपला एक वाचक,
सोलापूर