उड्डाण रद्द का झाले, हे प्रवाशाला लेखी कळले पाहिजे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विमानांची उड्डाणे रद्द झाल्याच्या बातम्या आपल्या पत्रात वरचेवर येतात. त्यांत रद्द उड्डाणांची संख्या असते, विमानतळावर सामानाला टेकून झोपलेल्या माणसांची छायाचित्रे असतात आणि शेवटी विमान कंपनीची दिलगिरी असते. मात्र आपले उड्डाण नेमके कशामुळे रद्द झाले, हे त्या उड्डाणाच्या प्रवाशाला बहुतेक वेळा कोणीही अधिकृतपणे सांगत नाही, ही गोष्ट त्या बातम्यांत सहसा येत नाही. वरकरणी ती किरकोळ वाटते. परंतु प्रवाशाला भरपाई मिळणार की नाही हे अनेक देशांच्या नियमांत त्या कारणावरच ठरते, आणि ते कारण पुरतेपणी ठाऊक असते ते फक्त भरपाई देणाऱ्या पक्षाला. या विसंगतीकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझ्या थोरल्या बहिणीच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडे निघाले होते. सकाळच्या उड्डाणासाठी पहाटे घराबाहेर पडण्याच्या बेतात असताना मोबाइलवर संदेश आला की ‘ऑपरेशनल कारणास्तव’ उड्डाण रद्द करण्यात आले आहे. काउंटरवरील तरुणाने हवामानाकडे बोट दाखवले, तर हेल्पलाइनवर अर्ध्या तासाने भेटलेल्या बाईंनी विमानात तांत्रिक बिघाड असल्याचे सांगितले. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचले, तेव्हा शस्त्रक्रिया होऊन गेली होती. प्रवासविम्याचा दावा दाखल केला असता विमा कंपनीने उड्डाण रद्द होण्याच्या कारणाचे विमान कंपनीचे पत्र मागितले, आणि ते योग्यच होते, कारण काही कारणे विम्यात बसतात आणि काही बसत नाहीत. विमान कंपनीचे पत्र सात आठवड्यांनी आले. त्यात कारण लिहिले होते : ‘अपरिहार्य परिस्थिती’. एका उड्डाणाची चार कारणे मला मिळाली आणि त्यांतील एकही दाव्याच्या अर्जात लिहिण्याजोगे नव्हते.

तिकिटाचे पैसे परत मिळाले, मग तक्रार कसली, असे विचारणारे भेटतात. तिकिटाचे पैसे हा नुकसानीचा बहुधा सर्वांत लहान भाग असतो. दोन महिन्यांपूर्वी काढलेल्या तिकिटाच्या परताव्यात त्याच दिवशीचे दुसरे तिकीट येत नाही, कारण रद्द झालेल्या उड्डाणाचे सगळे प्रवासी एकाच वेळी उरलेल्या थोड्या जागांमागे लागतात आणि भाडे त्या क्षणी चढते. पुढचे उड्डाण वेगळ्या तिकिटावर असेल तर ती दुसरी कंपनी प्रवाशाला ‘हजर झाला नाही’ असे धरून मोकळी होते. कोणाची परीक्षा बुडते, कोणाची परदेशातील नोकरीवर रुजू होण्याची तारीख हुकते, कोणाची औषधे आधीच चेक-इन केलेल्या बॅगेत अडकून पडतात. तिकीट मध्यस्थ संकेतस्थळावरून काढले असेल तर परताव्यासाठी कंपनी त्या संकेतस्थळाकडे पाठवते आणि संकेतस्थळ पुन्हा कंपनीकडे. या सगळ्याची भरपाई मागायची तर पहिला प्रश्न एकच विचारला जातो : उड्डाण रद्द होण्याचे कारण कंपनीच्या हातातले होते की हाताबाहेरचे?

कंपनीला कारण माहीत नसते असे समजण्याचे काहीच कारण नाही. ‘आयाटा’ या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने विलंबाची कारणे नोंदवण्यासाठी दोन अंकी संकेतांची पद्धत कितीतरी वर्षांपूर्वीच रूढ केली आहे. विमानात बिघाड असेल तर ४१, निघण्याच्या ठिकाणी हवामान खराब असेल तर ७१, पोहोचण्याच्या ठिकाणी खराब असेल तर ७२, आधीच्या फेरीवरून विमानच उशिरा आले असेल तर ९३, अशा बारकाईने ही नोंद ठेवली जाते. विलंब कोणत्या विभागाच्या खात्यावर टाकायचा, यावरून कंपन्यांच्या अंतर्गत बैठकांत वादही होतात. घरातल्या हिशेबात इतकी काटेकोर असणारी कंपनी प्रवाशाशी बोलताना मात्र ‘ऑपरेशनल’ या एका शब्दावर येऊन थांबते.

युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम या विषयातील सर्वांत कडक नियमांपैकी एक मानला जातो. उड्डाण रद्द होत असल्याची सूचना किमान १४ दिवस आधी दिली नाही, तर अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो भरपाई द्यावी लागते. पुरेशा आधी सुचवलेल्या पर्यायी उड्डाणाने प्रवासी जवळपास ठरल्या वेळी पोहोचत असेल, किंवा सर्व वाजवी उपाय करूनही टाळता न येणारी असाधारण परिस्थिती ओढवली असेल, तर यातून सूट मिळते. ती परिस्थिती असाधारण होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर आहे. तरीही ‘असाधारण’ या शब्दाचा अर्थ ठरवण्यासाठी प्रवाशांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. २८ जून २००५ रोजी व्हिएन्नाहून सकाळी ६ वाजून ४५ मिनिटांनी सुटणारे रोमचे उड्डाण रद्द झाल्याचे प्रवाशांना पाच मिनिटे आधी सांगण्यात आले होते. इंजिनाच्या टर्बाइनमधील दोष आदल्या दिवशीच्या तपासणीत सापडला होता आणि कंपनीला तो रात्री एक वाजताच कळवण्यात आला होता. एका प्रवासी महिलेने २५० युरो भरपाई आणि फोनच्या खर्चाचे १० युरो मागितले, आणि ते प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले. २२ डिसेंबर २००८ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की विमाने चालवण्याच्या व्यवसायात तांत्रिक बिघाड हा नेहमीच्या कामकाजाचाच भाग आहे आणि एरवी त्याला असाधारण म्हणता येणार नाही. पुढे २०२३ मध्ये याच न्यायालयाने, उड्डाणाच्या थोडे आधी सहवैमानिकाचा अचानक मृत्यू झाला तरी कंपनी भरपाईतून सुटत नाही, असाही निर्णय दिला. हा दुसरा निकाल मला व्यक्तिशः फार कठोर वाटतो. पण या दोन्ही प्रकरणांत वाद कारणाच्या अर्थाविषयी होता; प्रत्यक्ष कारण काय, ते सर्वांसमोर होते.

कॅनडाने २०१९ मध्ये कारणांचे तीन गट केले : कंपनीच्या नियंत्रणातील, नियंत्रणातील परंतु सुरक्षेसाठी आवश्यक, आणि नियंत्रणाबाहेरील. यांपैकी फक्त पहिल्या गटात रोख भरपाई मिळते. त्यामुळे मधल्या गटात बसण्याचा मोह कंपन्यांना होणारच होता, आणि तेथील प्रवाशांच्या तक्रारींचा मोठा वाद याच गटाभोवती फिरत राहिला. परंतु त्या नियमात कारण प्रवाशाला सांगण्याचे बंधन आहे, आणि निदान एवढी गोष्ट इतरांनी उचलण्यासारखी आहे.

भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार पुरेशी पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द झाले तर ठरावीक भरपाई मिळते. मात्र राजकीय अस्थैर्य, नैसर्गिक आपत्ती, संप, सरकारी आदेश, हवाई वाहतूक नियंत्रण, हवामान आणि वर ‘कंपनीच्या नियंत्रणाबाहेरील इतर कोणतेही कारण’ अशी लांबलचक सूट तिच्यासोबत आहे. सूट असण्याला माझा आक्षेप नाही. सूट कोणत्या शब्दाखाली घेतली हे प्रवाशाला कळत नाही, हा आक्षेप आहे. महासंचालनालयाच्या मासिक आकडेवारीत रद्द उड्डाणांची कारणनिहाय विभागणी दिलेली असते आणि तिच्यात हवामान व तांत्रिक यांच्या जोडीला ‘व्यावसायिक’ असाही एक वर्ग असतो. म्हणजे धंद्याच्या हिशेबाने रद्द केलेली उड्डाणे आहेत, आणि कंपन्या ती सरकारला तशी कळवतातही. पण ‘आपले उड्डाण व्यावसायिक कारणास्तव रद्द करण्यात आले आहे’ असा संदेश आलेला एकही प्रवासी मला आजवर भेटलेला नाही.

हवामान हे कारण तर इतके सोयीचे आहे की त्यावर शंका घेणाऱ्यालाच अपराधी वाटावे. दाट धुक्यात उतरण्यासाठी धावपट्टीवर तशी यंत्रणा असावी लागते, विमान तसे सज्ज असावे लागते आणि दोन्ही वैमानिकांनी त्यासाठीचे खास प्रशिक्षण घेतलेले असावे लागते. म्हणूनच एकाच धावपट्टीवर, एकाच तासाला, एका कंपनीचे विमान उतरते आणि दुसरीचे रद्द होते. धुके दोघींनाही सारखेच असते, फरक कोणते विमान आणि कोणते वैमानिक त्या दिवशी कामावर लावले यात असतो. आणखी एक गुंता असा की एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करते. सकाळच्या पहिल्या फेरीत तिसऱ्याच शहरात पाऊस लागला, तर संध्याकाळी लख्ख आकाशाखाली उभ्या असलेल्या प्रवाशाचे उड्डाण ‘हवामानामुळे’ रद्द होऊ शकते. हे खोटे म्हणता येत नाही. पण दहा तासांच्या अवधीत राखीव विमान किंवा राखीव क्रू का मिळाला नाही, हा प्रश्न त्या शब्दाआड दडून राहतो.

डिसेंबर २०२२ मधील अमेरिकेतील प्रकार यादृष्टीने बोलका आहे. हिमवादळाचा फटका सर्वच कंपन्यांना बसला आणि बहुतेक कंपन्या काही दिवसांत सावरल्या. साउथवेस्ट या कंपनीची मात्र कर्मचाऱ्यांच्या नेमणुकांची व्यवस्थाच कोलमडली. कोणता वैमानिक कोठे आहे याचा मेळ लागेना, आणि त्या काळात सुमारे १६,९०० उड्डाणे रद्द होऊन २० लाखांहून अधिक प्रवासी अडकले. वर्षभराने सरकारने या कंपनीवर १४ कोटी डॉलरचा दंड बसवला. पहिल्या दिवसाचे कारण वादळ होते, पाचव्या दिवसाचे नव्हते, आणि हा फरक अधिकृतपणे नोंदला गेला तो कारणांची चौकशी झाली म्हणून. ऑस्ट्रेलियात क्वांटास या विमान कंपनीने रद्द करायचे ठरवलेल्या उड्डाणांची तिकिटे विकणे चालूच ठेवल्याचे तेथील ग्राहक आयोगाने उघडकीस आणले. त्या प्रकरणात २०२४ मध्ये कंपनीवर १० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला आणि ८६ हजारांहून अधिक ग्राहकांसाठी २ कोटी डॉलर वेगळे ठेवावे लागले. भारतात डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची एकाच दिवशी हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. वैमानिकांच्या विश्रांतीचे आणि रात्रीच्या उड्डाणांचे नवे नियम त्यामागे होते, असे म्हटले गेले. ते नियम जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले होते आणि त्यांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला होता. जवळजवळ दोन वर्षे आधी माहीत असलेल्या नियमाला ‘नियंत्रणाबाहेरील सरकारी आदेश’ म्हणायचे की नियोजनातील चूक, हे ठरवायला तज्ज्ञ लागत नाही.

कंपन्यांच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. कारण सांगण्याची व भरपाई देण्याची सक्ती वाढली, तर वैमानिकावर किंवा तंत्रज्ञावर ‘कसेही करून उडवा’ असा दबाव येईल, असे म्हटले जाते. सुरक्षेसाठी उड्डाण रद्द करणाऱ्या माणसाला माझा नमस्कारच आहे, आणि त्याच्या निर्णयावर प्रवाशाने वाद घालू नये असेही मला वाटते. पण मी मागत आहे ती त्या निर्णयाच्या कारणाची नोंद. ‘इंजिनात दोष आढळला’ एवढे तीन शब्द कळवल्याने कोणाच्या अधिकाराला धक्का लागतो, हे मला समजलेले नाही. उलट कारण कळले नाही की लोक सर्वांत वाईट तेच गृहीत धरतात आणि राग निघतो तो काउंटरवरील मुलामुलींवर. त्यांपैकी पुष्कळजण तर विमान कंपनीचे नव्हे, कंत्राटदाराचे नोकर असतात आणि त्यांनाही पडद्यावर दिसते तेवढेच ठाऊक असते.

म्हणून नियामकांपुढे मागणी साधी आहे. उड्डाण रद्द झाल्याच्या संदेशातच कारणाचा वर्ग आणि एका ओळीत त्याचा तपशील द्यावा. पुढे चौकशीत कारण बदलले तर तो बदलही प्रवाशाला लेखी कळवावा. आणि ठरावीक मुदतीत कारण दिले नाही, तर ते कंपनीच्या नियंत्रणातील होते असे धरून भरपाई द्यावी. या तिसऱ्या तरतुदीवाचून पहिल्या दोन कागदावरच राहतील, अशी माझी खात्री आहे. अमेरिकेत जून २००३ पासून मोठ्या कंपन्या रद्द झालेल्या प्रत्येक उड्डाणाचे कारण कंपनी, हवामान, हवाई वाहतूक व्यवस्था किंवा सुरक्षा यांपैकी एका वर्गात सरकारला कळवत आल्या आहेत. जे सरकारला कळवता येते ते त्या उड्डाणाचे पैसे भरलेल्या माणसाला कळवता येत नाही, असे म्हणण्यात अर्थ नाही.

तोवर प्रवाशांनी काउंटर सोडण्यापूर्वी कारण लेखी मागावे, निदान ईमेलने विचारून ठेवावे, फलकाचे छायाचित्र घ्यावे आणि त्याच सुमारास इतर कंपन्यांची कोणती विमाने सुटली हे टिपून ठेवावे. मी यांपैकी काहीही केले नव्हते. माझ्या विम्याच्या अर्जातील ‘कारण’ हा रकाना अजून रिकामा आहे आणि विमान कंपनीला त्याविषयी पाठवलेल्या तिसऱ्या पत्राला उत्तर आलेले नाही.

आपली विश्वासू,
एक विमानप्रवासी