योगाला जनुकांचे प्रशस्तिपत्र कशाला?

संपादक महोदय,

‘योगाने जनुके बदलतात’, ‘ध्यानाने आनुवंशिक ताण पुसला जातो’ अशा आशयाचे मथळे आरोग्यविषयक पानांवर हल्ली वरचेवर दिसतात. योगाभ्यासाने मन सावरायला मदत होते, याबद्दल आमचे दुमत नाही. हरकत आहे ती या मदतीला एपिजेनेटिक्सचा मुलामा चढवण्याला.

हा शब्द ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ कॉनराड वॉडिंग्टन यांनी १९४२ मध्ये रूढ केला. आज त्याचा अर्थ असा : डीएनएची अक्षरे न बदलता कोणते जनुक किती वाचले जावे, हे ठरवणाऱ्या रासायनिक खुणांचा अभ्यास. पोथीतली ओळ न ओळ तशीच असते, काही पाने मात्र एकमेकांना चिकटलेली असतात. सर्वांत जास्त अभ्यासली गेलेली खूण म्हणजे मेथिलेशन. त्यात सायटोसीन या अक्षराला मिथाइल गट जोडला जातो. जनुकाच्या आरंभीच्या भागात अशा खुणा दाटल्या की ते सहसा गप्प बसते. म्हणजे बदलते ते वाचन, जनुक नव्हे. काही ठिकाणी तर ‘गुणसूत्रे बदलतात’ असेही छापले जाते, ते त्याहून चूक.

मनाशी या खुणांचे नाते दाखवणारा गाजलेला प्रयोग २००४ मधला, कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या उंदरांवरचा. ज्या पिल्लांना आई पहिल्या आठवड्यात जास्त चाटायची, त्यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात कॉर्टिसॉलसारख्या ताणसंप्रेरकांचा संदेश टिपणाऱ्या ग्राहीचे जनुक कमी मेथिलित होते आणि ताणाची प्रतिक्रिया लवकर शमत होती. पिल्ले दुसऱ्या आईकडे दिली की खूणही तिच्या वागण्याप्रमाणे ठरत असे. २००९ मध्ये, बालपणी अत्याचार सोसून पुढे आत्महत्या केलेल्या माणसांच्या मेंदूत तशीच खूण आढळली. दोन्हीकडे तपासली ती मेंदूची पेशी, आणि दोन्हीकडे मृत्यूनंतर.

योगवर्गातल्या माणसाचा मेंदू काही काढून पाहता येत नाही. तिथे तपासतात रक्त किंवा लाळ. मेथिलेशनचा साचा पेशीगणिक वेगळा असतो. यकृताचा वेगळा, मेंदूचा वेगळा, आणि रक्तातही लिम्फोसाइटचा एक तर न्यूट्रोफिलचा दुसरा. व्यायामानंतर किंवा ताणाखाली या पांढऱ्या पेशींचे आपसांतले प्रमाण तासाभरातही हलते. मग अहवालात ‘मेथिलेशन बदलले’ असे येते, पण प्रत्यक्षात एकाही पेशीतली खूण हललेली नसते, फक्त नमुन्यातली गर्दी बदललेली असते. पेशींच्या प्रमाणाची दुरुस्ती गणितात केली आहे का, हा पहिला प्रश्न. धूम्रपानाचा हिशेब धरला आहे का, हा दुसरा. एएचआरआर या जनुकावर सिगारेटची खूण इतकी ठळक उमटते की तिच्यावरून धूम्रपान करणारा ओळखता येतो. योगवर्गाला लागलेल्या चौघांनी सिगारेट सोडली, तर त्यामुळे बदललेल्या खुणेचे श्रेय आसनांच्या खात्यावर जमा होते.

तिसरा प्रश्न आकड्यांचा. मेथिलेशन मोजणाऱ्या सध्याच्या चिपवर डीएनएवरच्या साडेआठ लाखांहून अधिक जागा एकदम तपासल्या जातात. नेहमीची शेकडा ५ ची कसोटी लावली, तर काहीही घडलेले नसताना केवळ योगायोगाने ४२,५०० जागा ‘बदललेल्या’ दिसतील. म्हणून अशा अभ्यासात उंबरठा दहा कोटींत नऊ इतका कडक धरतात. पंचवीस-तीस जणांच्या गटात तो ओलांडणे जवळजवळ अशक्य. मग संशोधक आधीच निवडलेली दोन-चार जनुके तपासतात, आणि मथळ्यात ‘काही जनुके’ची ‘जनुके’ होतात.

योग, ध्यान, ताई-ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) यांवरच्या १८ अभ्यासांचा (एकूण ८४६ व्यक्ती) एक आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दाहाला चालना देणाऱ्या जनुकांचे वाचन कमी होण्याकडे कल दिसला. ही दखल घेण्याजोगी गोष्ट आहे. पण तिथे मोजले होते आरएनए, म्हणजे जनुकाचे त्या घडीचे वाचन, जे रात्रीच्या झोपेने किंवा साध्या सर्दीनेही वरखाली होते. टिकाऊ खूण मोजणे ही वेगळी बाब.

‘आजीचा ताण नातवंडांच्या जनुकांत उतरतो’ हे वाक्य तर आयांना विनाकारण अपराधी करते. फलनानंतर पहिल्या काही दिवसांत बहुतेक मेथिल खुणा पुसल्या जातात, आणि गर्भाच्या बीजपेशी (ज्यांपासून पुढे अंडी किंवा शुक्राणू होतात) घडताना त्या पुन्हा एकदा पुसल्या जातात. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. त्या काळात गर्भधारणा झालेल्यांमध्ये सहा दशकांनंतरही एका जनुकाचे मेथिलेशन भावंडांपेक्षा किंचित कमी आढळले. पण त्यांनी ती उपासमार गर्भातच सोसली होती. हा वारसा नव्हे, थेट आघात. गर्भवतीवर आघात होतो तेव्हा ती, गर्भ आणि गर्भातल्या बीजपेशी अशा तीन पिढ्या एकदम सापडतात. खरा वारसा दाखवायचा तर पणतवंडांपर्यंत जावे लागेल, आणि माणसात तसा पक्का पुरावा नाही.

मेथिल खुणांवरून घरबसल्या ‘जैविक वय’ सांगणाऱ्या चाचण्यांवर खर्च करण्याआधी एवढेच लक्षात घ्यावे : एकच नमुना दोनदा तपासला तरी काही वर्षांचा फरक येऊ शकतो. योगाने मनात पडलेला बदल पाहायचाच असेल तर नैराश्यासाठी वापरली जाणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली अधिक कामाची. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, एकूण गुण २७. दहा किंवा जास्त आले तर तज्ज्ञांना दाखवावे. पाच गुणांची घट झाली तर उपयोग होतो आहे असे धरावे. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा आहे. त्याचे उत्तर ‘अजिबात नाही’ यापेक्षा वेगळे असेल तर बेरीज करत बसू नये, त्याच दिवशी मदत घ्यावी.

आता प्रत्यक्ष योगाबद्दल. नैराश्यावरच्या बहुतेक चाचण्या ८ ते १२ आठवड्यांच्या, आठवड्यातून दोन-तीन वेळा, ४५ ते ६० मिनिटांच्या आहेत. काहीच न करणाऱ्या गटाशी तुलना केली तर फायदा दिसतो. इतर व्यायामाशी केली तर तो फरक बराच आटतो. घरी सुरुवात करायची तर संथ श्वसन सर्वांत सोपे : चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, मिनिटाला सहा श्वास, आधी पाच मिनिटे, जमल्यावर दहा. या लयीत श्वास आणि हृदयगती एकमेकांशी जुळतात आणि रक्तदाब सावरणारी प्रतिक्षिप्त क्रिया बळावते. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणे, आरंभी नको. खोल श्वास घेण्याच्या नादात हवा जास्त ओढली की चक्कर येते. श्वास लांब करायचा आहे, मोठा नाही.

कपालभाती आणि भस्त्रिका सगळ्यांना सरसकट शिकवणे चूक आहे. जलद श्वसनाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. भीतीचे झटके येणाऱ्याला हाच झटका वाटतो, आणि तो योगाची धास्ती घेतो. अपस्मार, उच्च रक्तदाब, गर्भारपण यांतही हे प्रकार टाळावेत. शीर्षासनात डोळ्यातला दाब जवळपास दुप्पट होतो, म्हणून काचबिंदू असलेल्यांनी ते करू नये. तीव्र नैराश्यात डोळे मिटून तासभर बसवले तर मन तेच ते उगाळत राहते. त्यापेक्षा हालचालीची आसने बरी. जुना आघात असलेल्यांना डोळे उघडे ठेवण्याची, हवे तेव्हा उठून जाण्याची मुभा असावी. उन्माद-नैराश्याच्या विकारात झोप मोडून केलेली दीर्घ शिबिरे उन्माद उसळवू शकतात.

आणि गोळ्या. ‘जनुकेच सुधारली’ असे वाचून औषध बंद करणारे असतात. नैराश्यावरचे औषध एकदम थांबवले की दोन-चार दिवसांत चक्कर, झोपमोड, डोक्यात विजेसारखे झटके सुरू होऊ शकतात. आजार उलटतो तो सहसा त्यानंतर काही आठवड्यांनी, तोवर दोन्हींचा संबंध कोणाच्या ध्यानातही राहत नाही. पहिल्या वेळच्या नैराश्यात बरे वाटू लागल्यावरही किमान सहा महिने औषध चालू ठेवतात, मग डॉक्टर ते टप्प्याटप्प्याने उतरवतात.

तेव्हा विनंती अशी की योग आणि जनुकांवरची बातमी छापताना किती जण होते, तुलना कोणाशी केली आणि तपासले काय, रक्त की मेंदू, खूण की आरएनए, हे पहिल्या दोन परिच्छेदांत यावे. ‘चालू औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नयेत’ ही ओळही चौकटीत, मथळ्याच्या लगत असावी.

आपले,
मानसोपचार व जनुकशास्त्राचे अभ्यासक असलेले काही वाचक