रविवारी बिल रसेल यांना आदरांजली, सकाळी ६ वाजता

सर्व सभासदांनो, बॉस्टन सेल्टिक्स या अमेरिकी बास्केटबॉल संघाचे बिल रसेल ३१ जुलैला गेले. १३ हंगामांत ११ अजिंक्यपदं, त्यातली शेवटची दोन खेळाडू-प्रशिक्षक म्हणून.

रविवार, ७ ऑगस्ट २०२२, आपलं धरमपेठेतलं कोर्ट. २ मिनिटं मौन, मग फक्त ब्लॉकचा, म्हणजे समोरच्यानं बास्केटकडे टाकलेला चेंडू हवेत अडवण्याचा सराव. चेंडू तळहातानं हाणू नका. तो बाहेर जातो आणि ताबा पुन्हा समोरच्यांकडेच. बोटांनी टिपून आपल्या गड्याकडे वळवायचा, ही रसेल यांची खासियत. (फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारी मोकळी फेक, मात्र त्यांच्याकडून शिकू नका, त्यात ते कच्चे होते!)

- रसेल यांच्या ६ नंबरची जर्सी त्या दिवशी कुणी घालू नये.
- सीनियर मुलांनी ५.३० ला वायपर आणि कोरडी फडकी आणावीत. आधी रिंगखालची जागा पुसा, पाय तिथेच घसरतात.
- फुलं नकोत, पाकळ्यांवरून बूट सरकतात.