पद्मिनीचं उतरलेलं दार आणि भांडुपचे काका

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुमचे आभार तोंडावर मानायची सोय नाही. मी सुरुवात केली की तुम्ही पावसाचा नाहीतर लोकलचा विषय काढता. म्हणून हे उघड पत्र. शिवाय तुम्ही जे दाखवलंत ते माझ्या एकट्याच्या गाडीपुरतं राहू नये असंही वाटतं. अजून कितीतरी सोसायट्यांच्या आवारात ताडपत्रीखाली एखादी जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी उभी असते, आणि तिचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार बहुधा उतरलेलंच असतं.

आमचं दार कसं होतं ते वाचणाऱ्यांसाठी सांगतो. उघडलं की मागची कड खाली झुकायची. लावताना आधी वर उचलायचं आणि मग आपटायचं. पुढच्या दारावरची क्रोमची पट्टी मागच्या दारावरच्या पट्टीपेक्षा करंगळीभर खाली. मागच्या कडेची फट वरच्या बाजूला इतकी बारीक की कागद सरकेना, आणि खाली बोट जाईल एवढी. वडिलांनी 1978 मध्ये नंबर लावून, वाट पाहून घेतलेली ही गाडी. आईला त्या दाराशी झटापट करताना बघवत नसे.

आधीच्या गॅरेजवाल्याने काय केलं होतं ते तुम्ही पहिल्या नजरेत ओळखलंत. खांबावरची लॉकची पट्टी त्याने खाली सरकवली होती, म्हणजे दार जिथे पडतं तिथेच अडकेल. आणि दाराखाली लाकडाचा ठोकळा आणि जॅक लावून दाराचे कब्जे, म्हणजे बिजागऱ्या, वाकवले होते. एक पावसाळा निघाला. पुढे तो म्हणाला, "दारच बदला, साहेब." स्वस्तात मिळेल म्हणून मी कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत दार शोधत फिरत होतो, तिथेच एका दुकानदाराने तुमचं नाव सांगितलं. प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बॉडी शॉपला, म्हणजे गाडीचे पत्रे जोडायच्या विभागात, उमेदीची वर्षं घालवलेला माणूस आहे, दार विकत घेण्याआधी त्यांना दाखवा, म्हणाला. त्या दुकानदाराचेही आभार. हातातलं गिऱ्हाईक असं कोण सोडतं?

तुम्ही आलात, काच खाली करायला लावलीत, दार अर्धं उघडून मागच्या कोपऱ्याला धरून वर-खाली हलवलंत. माझा हात वरच्या कब्ज्यावर ठेवायला सांगितलात. पिनमधला खेळ बोटांना स्पष्ट कळत होता, टक टक. मला वाटलं, सापडलं दुखणं. तुम्ही म्हणालात, "हे चार आणे झाले. बाकीचे बारा आणे शोधू."

मग टेप काढून दाराच्या चौकटीची तिरकी मापं घेतलीत, आणि तीच मापं डाव्या बाजूला. जुळेनात. उजवी चौकट वरच्या अंगाला आवळली होती, पुढचा आणि मधला खांब एकमेकांकडे झुकले होते. तुम्ही खाली बसलात आणि रनिंग बोर्डाला, म्हणजे दाराखालच्या पत्र्याच्या पेटीला, स्क्रू ड्रायव्हर टेकवलात. जोर लावावाच लागला नाही. लांबीचा, म्हणजे रंगाआधी भरतात त्या पुट्टीचा, थर फोडून टोक थेट आत गेलं आणि मूठभर तांबडा गंज फरशीवर सांडला.

पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी नाही, हे मला ऐकून माहीत होतं. पण त्याचा अर्थ तुम्ही जॅक लावलात तेव्हा कळला. तळाचा पत्रा, रनिंग बोर्डाच्या पेट्या, खांब आणि टप मिळूनच तिचा सांगाडा. पेटी कुजली की गाडी दोन चाकांच्या मध्ये खाली बसते आणि वर चौकट मिटत जाते. तुम्ही मधल्या खांबाखाली जाड फळी ठेवून जॅक अगदी सावकाश चढवलात. दाराला हातही लावला नव्हता. वरची फट डोळ्यांदेखत उघडत गेली. "आता लावून बघा," म्हणालात. दार उरलंसुरलं खाली होतं, पण न आपटता लागलं.

वेल्डर येईपर्यंत तुम्ही सांगितलेल्या गोष्टी तर वेगळ्याच. 1964 मध्ये हीच गाडी फियाट डिलाइट नावाने आली, 1974 पासून तिला पद्मिनी म्हणू लागले, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण तिच्या आधीच्या डुक्कर फियाटचं पुढचं दार मधल्या खांबावर टांगलेलं, उलट्या बाजूने उघडणारं. पुढच्या-मागच्या दोन्ही दारांचं ओझं त्या एकाच खांबावर, त्यामानाने ही गाडी सोपी, हे बोलताना तुमचे हात हवेत दार लावत होते. वालचंद हिराचंदांच्या त्या कारखान्याच्या जागेवर आज कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत. तुम्ही मात्र अजून "आमच्या लाइनला" असं वर्तमानकाळात बोलता.

कापाकापीच्या आधी चौकटीत लोखंडी अँगलचे आडवे-तिरके तुकडे वेल्डिंगचे टाके मारून बसवायला लावलेत. वेल्डर कुरकुरत होता, वेळ जातो म्हणून. तुम्ही त्याला सांगितलंत की आधार न देता पेटी कापली तर गाडी आहे त्या वाकड्या अवस्थेतच जाम होईल, मग जन्मभर दाराशी भांडत बसा. नवा पत्रा जोडतानाही एका जागी सलग वेल्डिंग करू दिलं नाहीत. एक टाका इकडे, एक तिकडे, म्हणजे उष्णतेने पत्रा ओढला जाणार नाही. पाणी निघायची भोकं मोकळी ठेवलीत. मूळ रोग तिथलाच होता, आधीच्या कोणीतरी ती लांबीने बुजवली होती.

दार मात्र सगळ्यात शेवटी. गाडी चारही चाकांवर उतरवल्याशिवाय तुम्ही पाना उचलला नाहीत. लॉकची पट्टी काढून ठेवलीत, रबरही काढलंत. दार नुसत्या कब्ज्यांवर सरळ राहिलं पाहिजे, लॉकने त्याला उचलायचं नाही, हे तुमचं म्हणणं. आधी मागचं दार बसवून घेतलंत, कारण त्याच्यामागचा पत्रा हलत नाही, आणि मग त्याच्या रेषेवर पुढचं. वरच्या कब्ज्याला लेथवर केलेली नवी पिन आणि तिच्याभोवतीचा बुश, खालच्या कब्ज्यामागे पत्र्याची पातळ पॅकिंग. तेवढ्या पॅकिंगने मागची कड वर आली आणि क्रोमच्या पट्ट्या एका ओळीत बसल्या. रबर बसवल्यावर कागदाची पट्टी दारात धरून जागोजागी ओढून पाहिलीत. एका कोपऱ्यात ती सुळकन निघाली, तर तेवढ्यासाठी पुन्हा सगळे स्क्रू सैल केलेत. मी असतो तर सोडून दिलं असतं, खरं सांगतो.

2023 च्या ऑक्टोबरात मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली तेव्हा सगळ्यांना गहिवरून आलं. येऊ दे. पण ज्यांनी या गाड्यांचे पत्रे जोडले, त्यांना कोणी काही विचारलेलं मला दिसलं नाही. तुम्ही लेथवाल्या पोराला पिनचं माप वहीत लिहून घ्यायला लावलंत, ते मला गहिवरापेक्षा मोलाचं वाटतं. तो आता आणखी पद्मिनीवाल्यांना पिन-बुश करून देतो.

पैशांचं तुम्ही ऐकलं नाहीत. पत्रा, लेथ आणि वेल्डरची मजुरी, यापलीकडे एक रुपया घेतला नाहीत. आईने दिलेली आंब्याची पेटीसुद्धा "काकूंसाठी" म्हटल्यावर नेलीत.

डाव्या रनिंग बोर्डालाही मी स्क्रू ड्रायव्हर लावून पाहिला. टोक आत गेलं नाही, पण ठोकल्यावर आवाज बरा येत नाही. गणपती झाले की ती बाजू उघडायची म्हणतो. अँगल आणून ठेवतो, तुम्ही फक्त या आणि वेल्डरला दम द्या.

कळावे, लोभ असावा.

आपला,
1978 चा पद्मिनीवाला