अस्वलांच्या गाण्यावर हसणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत शेवटच्या पानावर एक चौकट होती. अमेरिकेत डिस्नेच्या पार्कातला यांत्रिक अस्वलांचा गाण्याचा खेळ बदलला म्हणून तिथले चांगले पन्नाशीचे बाप्ये हळहळले, कुणी शेवटच्या खेळाला डोळे पुसले, असा मजकूर. खाली शेरा : ‘पोट भरलेल्यांची दुःखं!’ आमच्या कन्ना चौकातल्या चहाच्या गाड्यावर त्यावर भरपूर हसणं झालं. एक जण म्हणाला, ‘अस्वलासाठी रडायलेत बे, इथं नळाला पाणी कधी येतंय ते बघा आधी.’

पाण्याचं खरं आहे. पण अस्वलांच्या बाबतीत बोलायचा मला थोडा हक्क आहे. उभी हयात यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग जोडणारा-दुरुस्त करणारा, म्हणून गेली, आणि गणपतीच्या दिवसांत मंडळांसाठी हलते देखावे करायचा नाद होता. शिवाय धाकटी लेक फ्लोरिडात असते, त्यामुळे अस्वलांचा जुना खेळ मी पाहिलेला आहे आणि नवाही.

आधी खेळ काय होता ते सांगतो. फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडममध्ये ‘कंट्री बेअर जँबोरी’ १ ऑक्टोबर १९७१ रोजी, म्हणजे पार्क उघडलं त्याच दिवशी सुरू झाला. लाकडी सभागृह, लाल पडदे, अठरा अस्वलं. कुणी बँजो घेऊन, कुणी माउथ ऑर्गन घेऊन. एक अस्वलीण झोपाळ्यावर बसून थेट छतातून खाली येते. भिंतीवर हरिण, रानरेडा आणि मूस यांची मुंडकी टांगलेली, आणि तीही मधेमधे तोंड घालतात. या अस्वलांची मूळ चित्रं काढणारे डिस्नेचे चित्रकार मार्क डेव्हिस. अस्वलं खरं तर कॅलिफोर्नियातल्या मिनरल किंग इथल्या बर्फाळ डोंगरावर होऊ घातलेल्या पर्यटनस्थळासाठी होती. ते काही झालं नाही, अस्वलं मात्र फ्लोरिडात आली. १९६६ मध्ये, मरणापूर्वी थोडे दिवस, वॉल्ट डिस्नेंनी ती चित्रं पाहिली आणि खो खो हसले, असं सांगतात.

जानेवारी २०२४ च्या अखेरीस हा खेळ बंद झाला आणि १७ जुलै २०२४ ला ‘कंट्री बेअर म्युझिकल जँबोरी’ या नावाने पुन्हा उभा राहिला. अस्वलं तीच, त्यांना नवी कातडी आणि नवे कपडे. गाणी मात्र सगळी बदलली. आता ती डिस्नेच्या सिनेमांतली गाणी म्हणतात, गावरान अमेरिकी ढंगात, नॅशव्हिलच्या गायक-वादकांकडून करून घेतलेली. शेवट ‘जंगल बुक’मधल्या ‘द बेअर नेसेसिटीज’ने होतो.

कट्ट्यावरच्या मंडळींचा सवाल असा की बाहुली तीच आहे, गाणं बदललं तर बिघडलं काय? आमच्या धंद्यातला माणूस तर हे लगेच म्हणेल. जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, चादरीचा मोर कुठं उमटणार हे मागाला ठाऊक नसतं, भोकं पाडलेल्या कार्डांना ठाऊक असतं. कार्डांची माळ बदलली की त्याच मागावर मोराच्या जागी कमळ येतं, आणि मागाला त्याचं सोयरसुतक नसतं. अस्वलांचंही तसंच दिसतं. कोणत्या क्षणी जबडा उघडायचा, कधी पापणी मिटायची, याचे इशारे बाहेरून येतात, ते बदलले की हालचाल बदलली. पण मागाला तोंड नसतं, अस्वलाला आहे. ते तोंड एका ठरावीक गाण्यासाठी घडवलेलं आहे.

हे मला चौकातल्या एका मंडळाने शिकवलं. त्यांच्यासाठी दामाजीपंतांचा देखावा केला होता. मंगळवेढा आपल्याच जिल्ह्यातलं, कथा सगळ्यांना ठाऊक. दुष्काळात पंतांनी बादशहाचं कोठार लोकांना उघडलं, आणि विठोबा विठू महार होऊन बिदरच्या दरबारात मोहरा भरायला गेला. ट्रकच्या वायपरची मोटर, लाकडी कॅम (फिरताना दांडा वरखाली करणारी वाकडी चकती), सायकलची चेन. निवेदक ‘मोजून घ्या, सरकार’ म्हणाला की विठूचं मनगट कलायचं, थैलीतून पिवळ्या पत्र्याच्या चकत्या घरंगळायच्या, आणि मग, जरा थांबून, बादशहाची मान वर यायची. ते ‘जरा थांबून’ साधायला मी कॅम कानशीने घासत बसलो होतो. मान थैलीच्या आधी वर आली तर आश्चर्य कसलं? पुढल्या वर्षी मंडळाने देखावा तोच ठेवला, निवेदनाची कॅसेट काढून त्या साली गाजत असलेलं सिनेमाचं गाणं लावलं. मोटर, कॅम सगळं जागच्या जागी. विठूचं मनगट आपल्या वेळेला कलत होतं आणि तिथं नेमकी गाण्यातली शिट्टी वाजत होती. पोरं खूश, गर्दी वाढली, हे खोटं कशाला सांगू? एक खेड्यावरची आजी मात्र हात जोडून थोडा वेळ उभी राहिली, मला म्हणाली, ‘आवाज बिघडलाय का?’ आणि पुढच्या मंडळाकडं गेली.

डिस्नेवाले आमच्या मंडळासारखे आळशी नाहीत. त्यांनी प्रत्येक हालचाल नव्या गाण्यावर नव्याने बसवली आहे आणि ती उत्तम बसली आहे, कारागीर म्हणून मी हात जोडतो. तरीही बिग अलचं बघा. हा सगळ्यांत लाडका गडी. गलेलठ्ठ, डोळे अर्धवट मिटलेले, हातात गिटार. जुन्या खेळात तो खोगिरावर सांडलेल्या रक्ताचं एक रडकं गाणं बेसूर आवाजात म्हणायचा. आवाज टेक्स रिटर या नामांकित गायकाचा, तो १९७४ मध्येच वारला, पण अलच्या तोंडून पुढं पन्नास वर्षं गात राहिला. बाकीची अस्वलं आपापली गाणी म्हणून मोकळी होतात, हा आपला पुन्हा येतोच, तेच रक्त, तेच खोगीर. शेवटी सगळी मिळून दुसरं जोरदार गाणं सुरू करतात, ते त्याचा आवाज बुडवण्यासाठी. इंग्रजी मला कामापुरतं येतं, या गाण्यातलं निम्मंही कळलं नाही, पण त्या चेहऱ्याकडं बघून पोट दुखेस्तोवर हसलो. शेजारचा एक पांढऱ्या दाढीचा अमेरिकन त्याच्याबरोबर शब्दन्‌शब्द म्हणत होता आणि मुद्दाम बेसूर म्हणत होता.

आता अलच्या तोंडी सिनेमातलं, चांगलं हळवं गाणं दिलंय. टाळ्या पडतात. पण तो चेहरा बेसूर माणसाचा आहे हो. सगळे कंटाळलेत आणि याला पत्ताच नाही, ही गंमत त्या पापण्यांत कोरलेली आहे. गाणं गोड झालं की पापण्यांना काम उरत नाही.

म्हणून जे हळहळले ते वेडे नाहीत. बदलाचाच त्यांना राग आहे असंही नाही. २०१२ मध्ये याच खेळातली काही गाणी कापून तो आखूड केला होता, तेव्हा लोक कुरकुरले आणि पुन्हा येऊन बसले. आपल्याकडं सौभद्र एके काळी रात्रभर चालायचं, आता अडीच-तीन तासांत उरकतात, किती पदं गळली याचा हिशेब ठेवणारेही तिकीट काढतात. पण उद्या निर्मात्याने सुभद्रेच्या तोंडी आपल्याच कंपनीच्या सिनेमातलं गाणं घातलं, तर हुतात्मा स्मृती मंदिरातल्या खुर्च्या जाग्यावर राहतील का?

इथंच माझी खरी तक्रार आहे. जुन्या खेळातली बहुतेक गाणी डिस्नेची नव्हतीच. अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत, रेडिओवर लोक जी ऐकत होते ती होती. पोरांना त्या पार्कात दिवसभर मालकाचंच ऐकावं लागतं, इथं काही मिनिटं तरी बाहेरचा वारा मिळायचा. आता तीही खिडकी बंद झाली. ज्या सिनेमांच्या बाहुल्या बाहेर दुकानात आहेत, त्याच सिनेमांची गाणी आत.

दुसरी बाजू मला ठाऊक नाही असं समजू नका. जुन्या खेळात सगळं सोवळं नव्हतं, पोराला झोडपण्यावरही एक विनोदी गाणं होतं, ते आज ऐकताना अंगावर येतं. लिव्हर लिप्स नावाच्या अस्वलाचं आता रोमिओ केलंय, त्यात बिघडलं काही नाही. नातवंडांना नवा खेळ आवडला, धाकटा तर खुर्चीवर उभा राहिला होता. आणि निदान अस्वलं तरी राहिली. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये हाच खेळ १९७२ मध्ये सुरू झाला होता. २००१ मध्ये तो बंद करून तिथं विनी द पूची राइड बसवली. मॅक्स, बफ आणि मेल्व्हिन ही भिंतीवरची तीन बोलकी मुंडकी त्या राइडच्या आत अजून टांगलेली आहेत, पण गाडीतून मागं वळून पाहिलं तरच दिसतात. तसं होण्यापेक्षा हे बरं, असं म्हणणारे चाहतेही पुष्कळ आहेत आणि त्यांचंही चुकत नाही.

मग काय करायचं? उपाय त्यांच्याच घरात आहे. फ्लोरिडातच ‘टिकी रूम’ नावाचा बोलक्या पक्ष्यांचा खेळ आहे. १९९८ मध्ये त्यात अलादीन आणि लायन किंगमधले पक्षी घुसवले आणि त्यांना मालक करून टाकलं. जुने प्रेक्षक वर्षानुवर्षं बोटं मोडत राहिले. जानेवारी २०११ मध्ये तिथं आग लागली, आणि त्याच ऑगस्टमध्ये जुना खेळ, थोडा आटोपशीर करून, परत आला. अस्वलांच्या सभागृहाला आग लागावी असं मी म्हणत नाही. मी टोकियोकडं बोट दाखवतो. तिथल्या डिस्नेलँडमध्ये १९८३ पासून हीच अस्वलं आहेत, आणि हंगामानुसार उन्हाळ्याचा खेळ, नाताळचा खेळ आणि मूळ खेळ आळीपाळीने होतो. कपडे बदलायचे, इशारे बदलायचे, पडदा उघडायचा. म्हणजे एकाच अस्वलाकडून दोन-तीन खेळ करून घेता येतात, हे त्यांना चांगलं माहीत आहे.

तेव्हा फ्लोरिडातही दर ऑक्टोबरमध्ये, पार्काच्या वाढदिवसाच्या सुमारास, पंधरा दिवस जुना खेळ लावावा. जुना ध्वनी त्यांच्याकडं असणारच. झोडपण्याचं गाणं हवं तर वगळा. अलला त्याचं खोगीर द्या. बाकीचं वर्षभर नवा खेळ चालू दे, माझ्या धाकट्या नातवाची काही हरकत नाही. तुमच्या उपसंपादकांनीही फ्लोरिडाला न जाता निदान आपल्या शहरातल्या एखाद्या जुन्या देखावे करणाऱ्याशी बोलावं आणि मग शेरा मारावा.

हीच सूचना मी पार्कवाल्यांना कळवणार आहे. इंग्रजी करून द्यायचं लेकीनं कबूल केलंय. ‘बाबा, त्यात दामाजीपंत घालू नका’ एवढी एकच अट तिनं घातली आहे, ती मी अजून मान्य केलेली नाही.

आपला,
एक निवृत्त जॉबर
साखर पेठ, सोलापूर