स्लीपरपुरती तरी ज्येष्ठांची सवलत द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या रेल्वे आरक्षणाची धांदल सुरू झाली, म्हणून हे पत्र. मी सांगलीत घरीच शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, जूनमध्ये शाळेचे गणवेश. मुलगी लग्न होऊन नागपूरला असते. आमच्यासाठी नागपूर म्हणजे महाराष्ट्र एक्स्प्रेस. आज दुपारी बसायचं आणि उद्या दुपार उलटून गेल्यावर उतरायचं.

पूर्वी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन निघायचे. हळद, भडंग, शेंगदाण्याची चटणी. वरचा बर्थ मिळाला तरी फिकीर नसायची. गेल्या खेपेस डब्यात चढतानाच धाप लागली, तरी त्याचं मी फारसं मनावर घेतलं नाही. नागपुरात लेकीला एक ब्लाउज शिवून दिला. रात्री पाणी प्यायला उठले, तर ती दिव्याखाली बसून मी केलेली हातशिलाई उसवत होती. टाके वाकडेतिकडे गेले होते आणि मला ते दिसलेच नव्हते. जिला मी सुई धरायला शिकवलं, ती मला कळू न देता माझं काम नीट करत होती. मी काही न बोलता परत जाऊन पडले. आई म्हणून आपलं वय झालं हे पांढऱ्या केसांनी कधी पटलं नव्हतं, त्या रात्री पटलं.

तेव्हापासून मनात एकच आहे. अजून काही वर्षं प्रवास झेपेल, तोवर लेकीकडे स्वतःच्या पैशांनी जायचं. सध्या तिकीट तीच मोबाइलवर काढते, मी पैसे पाठवले की परत पाठवते. जावई मनाने चांगले आहेत, घरात कुणी शब्दाने बोलत नाही. पण लेकीच्या घरी जायचं तिकीटही लेकीनेच काढायचं, हे माझ्या जिवाला लागतं.

मार्च २०२० पर्यंत रेल्वे ५८ वर्षांवरील महिलांना ५० टक्के आणि ६० वर्षांवरील पुरुषांना ४० टक्के सवलत देत असे. करोनात ती बंद झाली. पुढे गाड्या सुरळीत झाल्या, सवलत मात्र परत आली नाही. मला अठ्ठावन्न पूर्ण झाली ती त्यानंतर, त्यामुळे एकदाही तिचा लाभ मिळाला नाही. रेल्वेमंत्र्यांनी २०२४ मध्ये संसदेत सांगितलं की रेल्वेला १०० रुपये खर्च येणाऱ्या प्रवासाला प्रवासी ५४ रुपयेच मोजतो, म्हणजे सवलत सगळ्यांनाच आहे. असेल. पण पगारदार तरुणाला जेवढी, तेवढीच मशीनवर पोट भरणाऱ्या बाईला, मग ज्येष्ठांना वेगळं काय मिळालं? खालचा बर्थ मिळतो, त्याबद्दल मनापासून आभार. पैशाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

आपल्या एसटीला हे जमतं. ७५ वर्षांवरच्यांना २०२२ पासून मोफत प्रवास, मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्धं तिकीट. तासगावला भावाकडे मी तशीच जाते. सांगली-नागपूर मात्र एसटीने करायचं म्हटलं तर या कमरेला सोसणार नाही.

संसदेच्या रेल्वेविषयक स्थायी समितीनेही निदान स्लीपर आणि थर्ड एसीत सवलतीचा विचार करा, असं सुचवलं होतं. मी त्याहून कमी मागते, फक्त स्लीपर. ज्यांना गरज नाही त्यांना सवलत सोडून देण्याचा पर्याय तिकीट काढताना पूर्वीही होता, तो पुन्हा ठेवावा.

कोल्हापूर-सांगलीपासून नागपूर-गोंदियापर्यंत कितीतरी खासदारांच्या मतदारसंघांतून ही एकच गाडी जाते. त्या सगळ्यांनी पक्ष बाजूला ठेवून येत्या अधिवेशनात हा प्रश्न मिळून विचारावा. आणि उत्तरात ‘विचाराधीन’ नको, तारीख हवी.

आपली,
एक वाचक, सांगली